रेडवुडच्या सावलीत, सावकाश

चालणं थांबवा.

वाटेच्या कडेला, माती मऊ आहे तिथे, उभे राहा. पाय किंचित अंतरावर. खांदे सैल.

समोर एक झाड आहे. त्याच्याकडे इतक्यात पाहू नका. आधी पायांखाली काय आहे ते पायांना कळू द्या.

वाळलेल्या पानांचा थर आहे. तपकिरी, बारीक, ओलसर. पाय टेकला की दबतो, उचलला की हळूच वर येतो.

एक श्वास आत.

हवा थंड आहे. तिला ओल्या लाकडाचा वास आहे. आणि त्याच्या मागे, अगदी पुसट, गंधकाचा.

तोही येऊ द्या. हे न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरचं रोटोरुआ आहे. इथली जमीन खालून तापलेली असते. वनाच्या एका अंगाला, फाकारेवारेवाच्या खोऱ्यात, उकळतं पाणी आपोआप आभाळात उडतं, चिखल बुडबुडत असतो. वारा वळला की त्याचा वास झाडांत शिरतो.

एक श्वास बाहेर.

आता झाडाकडे पाहा.

खोडापासून सुरुवात करा. वर जाण्याची घाई नको. डोळ्यांच्या पातळीवर जेवढं दिसतं तेवढंच.

लालसर साल. उभ्या खोल चिरा. त्या चिरांमध्ये सावली साठलेली आहे.

हात पुढे करा. तळवा सालीवर टेकवा.

कडक असेल असं वाटतं, पण ती मऊ आहे. धाग्याधाग्यांची. नारळाच्या सोडणावरून हात फिरवावा तसं लागतं. दाबलं तर बोट थोडं आत जातं.

हात तिथेच राहू द्या.

साल थंडही नाही, गरमही नाही. ती जाड आहे, इतकी की वणवा आला तरी आतलं जिवंत लाकूड बऱ्याचदा वाचतं. हे झाड कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचं. तिथे ते समुद्रावरून येणाऱ्या धुक्यात वाढतं आणि हजार, कधी दोन हजार वर्षं जगतं. इथे त्याची रोपं 1901 मध्ये लावली गेली.

त्या हिशेबाने तुमच्या हाताखालचं झाड अजून पोर आहे.

आता मान वर करा. हळू. मानेला जेवढं सोसेल तेवढंच.

खोड वर जातं. अजून वर. खूप उंचीपर्यंत एकही फांदी नाही. मग पहिल्या फांद्या, मग हिरवा काळोख, मग कुठेतरी उजेडाचा तुकडा. यातली सर्वांत उंच झाडं 70 मीटरच्या पुढे गेली आहेत. शेंडा दिसत नाही. दिसायलाच हवा असंही नाही.

इथे थोडं राहू या.

उजेड कुठून येतो पाहा. आपण विषुववृत्ताच्या खाली आहोत. माध्यान्हीचा सूर्य इथे उत्तरेकडे कललेला असतो. महाराष्ट्रात वाढलेल्या शरीराला हे चटकन उमगत नाही. सावली ज्या बाजूला पडायला हवी, तिथे ती पडत नाही. थोडा वेळ दिशा हरवल्यासारखी वाटते.

वाटू द्या.

श्वास आत. श्वास बाहेर.

खाली पाहा. खोडांच्या मधल्या जागेत नेचे उभे आहेत. झाडाएवढे नेचे, माणसाच्या डोक्यावर छत्र धरणारे. हे मात्र इथलेच. कोणी लावले नाहीत. परक्या झाडांची सावली पडली, ओल टिकली, आणि ते आपणहून आले.

एक पान उलटून पाहा. तोडू नका, नुसतं उलटा. रुपेरी पाठ दिसली तर तो पोंगा. अंधारात वाट दाखवायला इथले मूळचे माओरी लोक ही पानं उलटी अंथरत, चांदण्यात ती चमकत.

पान सोडा. ते परत जागेवर जातं.

पुन्हा खोडाशी या. हात पुन्हा सालीवर.

आता एक प्रश्न मनात येऊ द्या. उत्तर शोधू नका, तो नुसता येऊ द्या.

हे वन कोणाचं आहे?

तुम्ही आत आलात तेव्हा कोणी अडवलं नाही. जमिनीवरून चालायला इथे तिकीट नाही. वर, झाडांच्या अंगावरून टांगलेले पूल आहेत, जमिनीपासून 20 मीटरपर्यंत उंच, 2015 पासून. त्यांच्यावर जायचं तर पैसे भरावे लागतात. खाली पायांना मोकळीक आहे.

ही मोकळीक कोणी दिली?

पायांखालच्या मातीपासून ऐका.

10 जून 1886 ची पहाट. इथून पूर्वेला तारावेरा डोंगर फुटला. राख आणि चिखल कित्येक कोसांवर पडला. तळ्याकाठची गुलाबी आणि पांढरी पायऱ्यांची टेकाडं, जी पाहायला जगभरातून माणसं येत, एका रात्रीत गेली. त्या माणसांना होडीतून नेणारे, वाट दाखवणारे, जेवू घालणारे होते तुहोउरांगी वंशाचे माओरी. त्यांची गावं गाडली गेली. जे वाचले, त्यांतले बरेच जण इथे, फाकारेवारेवाला, आपल्या नातलगांकडे आले.

आणि इथेही ते पाहुण्यांना वाट दाखवू लागले.

हे मला फार मोठं वाटतं. घर गाडलं गेलेल्या माणसांनी पुन्हा पाहुणा घरात घेतला.

थांबा. एवढ्यापाशीच थोडं थांबा.

तळव्याखाली साल. साल स्थिर आहे.

पुढे सरकारने इथे रोपवाटिका काढली. 1899 पासून सुमारे 170 जातींची झाडं लावून पाहिली जाऊ लागली. देशी जंगल झपाट्याने तुटत होतं, लाकूड पुढे कुठून मिळणार, ही काळजी होती. कुठली झाडं रुजतात, कुठली मरतात, हे पाहायचं होतं. बरीचशी मागे पडली. कॅलिफोर्नियाहूनच आलेला एक पाइन, रेडिआटा, सगळ्यांच्या पुढे गेला. आज न्यूझीलंडच्या लावलेल्या वनांपैकी दहातली नऊ झाडं त्याचीच आहेत.

रेडवुडची ही राई त्या प्रयोगातून उरली. मूळ 12 हेक्टरांपैकी आता जवळपास निम्मी आहे. वनखात्यातली जी माणसं दोन महायुद्धांत गेली, त्यांच्या आठवणीसाठी ती राखलेली आहे.

त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. तरी एक श्वास त्यांच्यासाठी घ्या.

आणि सोडा.

जमिनीचं पुढे काय झालं तेही ऐका. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सरकारने लावलेली वनं विकायला काढली. माओरींनी हरकत घेतली. जमिनीवरचा त्यांचा दावा अजून ऐकलाच गेला नव्हता. मग कायद्याने असं ठरलं की झाडं विकायची, माती विकायची नाही. जमिनीचं भाडं साठवून ठेवायचं, आणि ज्यांचा हक्क सिद्ध होईल त्यांना द्यायचं.

वीस वर्षं गेली. 2008 मध्ये समझोता झाला. 1 जुलै 2009 रोजी उत्तर बेटाच्या मध्यभागातली 1,76,000 हेक्टर वनजमीन आठ माओरी वंशसमूहांना मिळून परत दिली गेली. हे फाकारेवारेवाचं वन त्यातच आलं.

म्हणून आज असं आहे. माती माओरींची. पलीकडच्या उतारावरचा पाइन एका लाकूड कंपनीच्या हाती. कंपनी तो वाढवते, तोडते, पुन्हा लावते, आणि जमिनीचं भाडं भरते. या राईची आणि माणसांच्या येण्याजाण्याची व्यवस्था नगर परिषदेकडे. सायकलींच्या कितीतरी वाटा गावातल्या हौशी माणसांनी, सुट्टीच्या दिवशी, कुदळी-फावडी घेऊन काढलेल्या.

आणि चालणारे पाय तुमचे.

हे पुन्हा एकदा, सावकाश. माती. झाड. वाट. पाय.

प्रत्येकाचं वेगळं, आणि सगळं इथे एकाच जागी. या झाडाची मुळं खोल जात नाहीत. माणसाच्या उंचीपेक्षा थोडी अधिक खाली, आणि मग आडवी, दूरदूर. शेजारच्याच्या मुळांत गुंतलेली. तुम्ही वाटेच्या कडेला उभे आहात तिथेही ती असतील.

वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्या. हळू.

खाली कोण आहे ते पायांना विचारा.

हात खाली घ्या आता. तळव्याला लालसर भुकटी लागली असेल. राहू दे.

चला. जरा चढ आहे.

बोलू नका. मोजू नका. पाऊल टाकताना फक्त टाच कधी टेकते, बोटं कधी उचलतात, एवढं पाहा.

मागे काही तरी फडफडलं?

वळू नका एकदम. थांबा. तो पुढे येईल.

छोटासा पक्षी. शेपटी पंख्यासारखी उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. इथे त्याला पीवाकावाका म्हणतात. पुण्या-मुंबईच्या बागांतला नाचण याचाच भाऊबंद. दोघांचं कूळ एक. आपल्या चालण्याने पाचोळ्यातले किडे उडतात, ते टिपायला तो मागे मागे येतो.

त्याला आपली माया नाही, भूक आहे. मला हे आवडतं. आपण नुसते चाललो, आणि कोणाचं तरी पोट भरलं.

चला पुढे.

उजेड बदलतोय. जास्त पांढरा होतोय.

इथे थांबा. आता आपण पाइनमध्ये आहोत.

डोळे मिटा. आधी ऐका.

वारा वर आहे. शेंड्यांमधून तो येतो तेव्हा आवाज लांबून सुरू होतो, जवळ येतो, डोक्यावरून जातो, आणि दुसऱ्या बाजूला विरतो. सुया तीन-तीनच्या जुडग्यात असतात. लाखो सुया. प्रत्येकीतून थोडा थोडा वारा.

एक झुळूक पूर्ण ऐका. येण्यापासून जाण्यापर्यंत.

आणखी एक.

डोळे उघडा.

झाडं रांगेत आहेत. ही रांग टाळू नका. नजर तिच्यावरून चालू द्या. एकामागे एक, ठरावीक अंतरावर. खालच्या फांद्या छाटलेल्या आहेत, सहा मीटरपर्यंत, म्हणजे लाकडात गाठी राहणार नाहीत. प्रत्येक खोडावर कोणीतरी शिडी लावून चढलं आहे, आणि त्याने फांद्या कापल्या आहेत.

हे पीक आहे. पंचवीस-तीस वर्षांनी कापायचं पीक.

मनात काही हललं का? थोडी निराशा? हे खरं जंगल नाही, असं कोणी आत म्हणालं?

त्याला म्हणू द्या. त्याच्याशी वाद नको. तो आवाज ऐका, आणि पुन्हा वारा ऐका. वाऱ्याचा आवाज पिकातूनही येतो.

एका खोडाशी जा. नाक सालीजवळ न्या. राळेचा वास. तिखट, स्वच्छ.

श्वास आत.

इथेच राहा जरा. हवं तर बसा. सुयांचा थर कोरडा आहे, बसायला चांगला. पाठ खोडाला लावा. वारा जोराचा आला की पाठीला कळतं. खोड किंचित हलतं.

तुम्हीही किंचित हलता.

किती वेळ गेला ते पाहू नका.

आता उठा. पुढच्या वळणापर्यंत जायचं आहे, आणि पुढचं पाहणं जरा अवघड आहे.

वळण.

समोर आभाळ आहे. एकदम, सगळं.

हा तोडीचा पट्टा. आपल्याकडची वनखात्यातली माणसं अशा पट्ट्याला कूप म्हणतात. खुंट. मोडलेल्या फांद्यांचे ढीग. मातीवर यंत्रांच्या चाकांचे खोल चरे. वाटेवर आडवी दोरी आणि बंद असल्याची पाटी.

मागे फिरू नका. पाटीच्या अलीकडे, इथेच, उभे राहा.

बऱ्याच जणांना हे पाहवत नाही. काल-परवापर्यंत जिथून सायकल धावत होती ती वाट अशी उघडी पडते. राग येतो, रडूही येतं. मला ते खोटं वाटत नाही. झाडाखालून रोज जाणाऱ्याचं त्या झाडाशी नातं जडतंच, मग सात-बारा कोणाच्याही नावावर असो.

श्वास आत. उन्हाचा, मातीचा, ताज्या कापलेल्या लाकडाचा वास.

श्वास बाहेर.

एका खुंटाकडे पाहा. फक्त एकाच. कापलेला गोल, फिकट पिवळा. कडेला राळेचे थेंब. वर्तुळं दिसतात. रुंद वर्तुळ म्हणजे भरपूर वाढीचं वर्ष. मोजायची गरज नाही. मधल्या ठिपक्यापासून नजर बाहेर आणा, सालीपर्यंत.

कोणाचं तरी बालपण, शाळा, पहिली नोकरी, एवढा काळ या गोलात आहे.

हा ओंडका आता कुठे असेल? कदाचित वनाच्या कडेलाच, वाइपाच्या लाकूडगिरणीत. इथल्या घरांचे सांगाडे याच लाकडाचे असतात. कदाचित तौरांगाच्या बंदरात, जहाजाची वाट पाहत. न्यूझीलंडचा पाइन आपल्याकडेही येत आला आहे. गुजरातेत कांडल्याला ओंडके उतरतात, चिरले जातात, मालाची खोकी आणि पॅलेट होतात. तुमच्या गल्लीत फोडून टाकलेल्या एखाद्या खोक्याची फळी अशाच उतारावर उभी राहिलेली असू शकते.

ती फळी आठवा. तिच्या गाठी, तिचा फिकट रंग.

आणि हा उतार.

दोन्ही एकाच वेळी मनात धरा. जड वाटलं तर सोडा, पुन्हा धरा.

पाइनचा खुंट पुन्हा फुटत नाही. रेडवुड फुटतो, बुंध्यापासून नवे धुमारे काढतो. पाइनला ते जमत नाही. इथे झाड हवं असेल तर माणसाला वाकावंच लागतं. जून ते ऑगस्ट, इथल्या हिवाळ्यात, पाठीला रोपांची पिशवी बांधून माणसं या उतारांवर येतात. कुदळीने माती उघडायची, रोप ठेवायचं, पायाने दाबायचं. दोन पावलं पुढे. पुन्हा तेच. दिवसभर.

त्या दाबणाऱ्या पायाची कल्पना करा. रोपाच्या मुळाशी टेकलेली टाच.

आपलीही टाच जमिनीवर टेकवा. जरा दाबा.

सोडा.

कंपनी, वंशसमूह, परिषद, वाटा काढणारे, यांच्या बैठका कुठल्या तरी खोलीत होत असतात. या वर्षी कुठला उतार तुटेल, कुठली वाट बंद राहील, तोड झाल्यावर ती पुन्हा कोण बांधेल, दगडांखाली पूर्वजांच्या खुणा कुठे आहेत आणि तिथून वाट नेऊ नये. नकाशा टेबलावर पसरलेला. असं बोलणं संपत नसतं आणि ते संपूही नये. या 5,600 हेक्टरांत तुमचं पाऊल मोकळं पडतं, त्यात त्या थकवणाऱ्या बोलण्याचाही हात आहे.

त्या न दिसणाऱ्या माणसांकडे मन थोडं वळवा. नावं नकोत, चेहरे नकोत. टेबलावर कोपर टेकवून कोणीतरी दुसऱ्याचं म्हणणं ऐकून घेतंय, एवढंच.

श्वास आत.

श्वास बाहेर.

पाटीपासून मागे वळा आता. झाडांतल्या वाटेने.

ऐकू येतंय? वरच्या वळणावर चाकांचा आवाज. खडी उडते आहे. साखळीची किरकिर. 2006 मध्ये डोंगरी सायकलिंगची जागतिक स्पर्धा याच वनात झाली. शाळेतली पोरं आजही दप्तर टाकून इकडेच येतात.

इथे चालणाऱ्यांची आणि सायकलींची वाट एकच आहे. कडेला व्हा. नेच्याला धक्का लागणार नाही एवढे.

एक जण जातो. मग दुसरी. चिखलाने भरलेले गुडघे, लाल झालेले गाल. जाता जाता ती मान हलवते आणि माओरीत नमस्कार करते, किआ ओरा.

तुम्हीही म्हणा. आवाज मोठा काढा, इतका वेळ गप्प होतात.

किआ ओरा.

ते गेले. धूळ खाली बसते आहे. तळहाताला अजून लालसर भुकटी आहे, पायांना चढाची ऊब.

वनाच्या पूर्वेला तिकितापू नावाचं तळं आहे. त्याचा तळ पांढऱ्या ज्वालामुखी दगडाचा, म्हणून पाणी निळं दिसतं. चालत जाता येतं. दिवस बराच उरला आहे. जायचं की नाही ते पायांना विचारा, आणि ते काय म्हणतात ते नीट ऐकूनच निघा.